वय वाढवून सांगणारे आयरिश आजोबा आणि जनगणनेवरचा माझा भरवसा

जनगणनेचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "लोक वाटेल ते सांगतात, हे लिहून घेतात. त्या आकड्यांना काय अर्थ?" लोक वाटेल ते सांगतात हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून सगळी दप्तरं रद्दीत काढायची, हे काही मला पटत नाही.

आयर्लंडच्या 1901 आणि 1911 च्या जनगणनेतले घरोघरचे मूळ फॉर्म तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. मला रात्री ते चाळत बसायचा नाद आहे (त्याबद्दल घरी ऐकूनही घेतो). एकाच कुटुंबाचे दोन्ही फॉर्म शेजारी उघडा. 1901 मध्ये पंचावन्नचे असलेले आजोबा 1911 मध्ये चक्क सत्तरीचे! असे एक-दोन नव्हे, ढिगाने सापडतात. मधे झालं काय, तर 1908 चा पेन्शन कायदा आला. वय 70 पूर्ण आणि उत्पन्न कमी, की दर आठवड्याला सरकारी पेन्शन. तिथे सर्वांची जन्मनोंदणी सुरू झाली 1864 मध्ये, त्यामुळे या पिढीकडे दाखलाच नाही. कितीकांना आपलं खरं वय ठाऊकही नव्हतं. मग पुरावा कुठून आणायचा? 1841 आणि 1851 च्या जनगणनेची दप्तरं उघडून, आईबापांनी तेव्हा काय वय सांगितलं होतं ते बघून! थापांनी भरलेले म्हणून आपण ज्या कागदांना नाक मुरडतो, त्यांच्याच आधारे थापा पकडायचं काम चाललं होतं.

ती दप्तरं 1922 च्या यादवीत डब्लिनचं अभिलेखागार जळालं तेव्हा जवळजवळ सगळी गेली. 1881 आणि 1891 ची तर त्याआधीच, पहिल्या महायुद्धात, सरकारनेच लगदा करायला दिली होती. अजूनही चिडायला होतं.

एकट्या माणसाचं वय मी या फॉर्मवरून शपथेवर सांगणार नाही. पण त्याच 1911 च्या फॉर्मवर विवाहित बायकांसाठी दोन रकाने आहेत: किती मुलं जिवंत जन्मली, आणि त्यांतली किती हयात आहेत. शाईने लिहिलेले 9, शेजारी 5. इथे थाप मारून कुणाला पेन्शन मिळणार नव्हती.

मला काळजी वाटते ती मोजायच्या राहून गेलेल्या माणसांची. अमेरिकेने 2020 च्या गणतीनंतर वेगळी पाहणी करून आपलीच चूक तपासली. देशाची एकूण बेरीज जवळपास बरोबर निघाली. पण आत कृष्णवर्णीय 3.30 टक्के आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश वा लॅटिन अमेरिकी मूळ असलेले) 4.99 टक्के कमी धरले गेले होते, तर हिस्पॅनिक नसलेले गोरे 1.64 टक्के जास्त. बेरीज बरोबर, वाटणी चूक! तरी ही चूक तिथल्या जनगणना खात्याने स्वतःच छापली, म्हणून मी त्यांचे बाकीचे आकडेही मानतो.

"सरकारकडे सगळी माहिती आहेच, मग दारोदार कशाला फिरायचं?" म्हणणाऱ्यांनी जर्मनीकडे बघावं. रहिवासी नोंदणी तिथे सक्तीची. 2011 च्या जनगणनेत साधारण दहा टक्के लोकांची घरी जाऊन विचारपूस केली, तर कागदावरच्यापेक्षा देशात सुमारे 15 लाख माणसं कमी भरली. निघून गेलेल्यांची नावं तशीच राहिली होती. डोकी घटली की राज्याच्या वाट्याला येणारा पैसाही घटतो, म्हणून बर्लिन आणि हॅम्बुर्ग ही शहर-राज्यं थेट घटनात्मक न्यायालयात गेली. 2018 मध्ये हरली.