आज हार आहे

पाहुण्यांना फिरवायचं म्हणजे स्कॉटलंडमध्ये आधी हवामानाची कुंडली बघायला लागते, ती मी बघितली नाही एवढीच माझी चूक, बाकी सगळी समुद्राची.

आत्या आणि आतोबा रत्नागिरीहून माझ्याकडे एडिनबराला आलेले. आतोबांनी रेल्वेत ३६ वर्षं काढली, त्यामुळे त्यांना या देशात एकच गोष्ट बघायची होती, फोर्थ ब्रिज हा रेल्वेचा पूल. १८९० सालचा, अडीच किलोमीटर लांब, ५० हजार टनांच्या वर स्टील, हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही तीन वेळा. म्हटलं चला, फाइफच्या किनाऱ्याला जाऊ, जाताना शेजारच्या पुलावरून तुमचा पूल दिसेल. गाडी पुलावर चढली आणि पूल गायब. त्यांचा पण आणि आमचा पण.

इथे उन्हाळ्यात गरम हवा थंडगार नॉर्थ सीवर आली की तिचं धुकं होतं आणि पूर्वेचा वारा ते ढकलत किनाऱ्यावर आणून टाकतो, तिथून थोडं आत गेलं की मस्त ऊन पडलेलं असतं. या धुक्याला इथले लोक हार म्हणतात.

"आत्या, आज हार आहे."

"अगबाई, कोणाला घालायचाय?"

पुढचे दोन तास मी न दिसणाऱ्या गोष्टींचा गाईड होतो. हे पिटनवीम, इथे बंदर आहे. हे अँस्ट्रदर, जुनी माणसं याला एन्स्टर म्हणतात, इथेही बंदर आहे. आत्या मान डोलवत होती, सत्यनारायणाच्या कथेला डोलवते तशी.

आइल ऑफ मे बेटाच्या बोटीची तिकिटं आधीच काढलेली, पैसे परत मिळणार नव्हते, मग गेलो. पाऊण तास नुसतं पांढरं. आतोबा विचारतायत, लाइटहाऊस कुठाय? मी म्हटलं, वर आहे, १८१६ सालचं. "बरं," म्हणाले, आणि वर बघून नमस्कार केल्यासारखं केलं.

बेटावर उतरलो आणि आर्क्टिक टर्न नावाचे पक्षी थेट डोक्यावर. म्हणजे अंटार्क्टिकापर्यंत जाऊन येणारा हा जीव, पण त्याची पिल्लं वाटेच्या कडेलाच, त्यामुळे येईल त्याच्या टाळूत चोच मारतो. उपाय एकच, डोक्याच्या वर काहीतरी धरायचं, म्हणून गोरे लोक हात, काठ्या, टोप्या वर करून पळतायत. आत्याने शांतपणे पिशवीतली छत्री काढली, उघडली आणि चालायला लागली. मागून आतोबा, मी, आणि दोन मिनिटांत चार अनोळखी माणसं त्या छत्रीच्या आसऱ्याला. साईबाबांची पालखी निघाल्यासारखं दिसत होतं.

आणि मग पफिन पक्षी दिसले. धुक्यात लांबचं काहीच दिसत नव्हतं पण हे बिळाच्या तोंडाशी अगदी दोन-तीन हातांवर उभे, रंगवलेली चोच, चेहरा दुपारची झोपमोड झाल्यासारखा आणि चोचीत आडवे लटकलेले आठ-दहा बारीक मासे.

"मुडदुशे आहेत का रे ते?"

"सँडईल म्हणतात, आत्या."

"मुडदुशेच. ताजे दिसतायत." तिने भाव विचारला नाही एवढंच.

परत आल्यावर बंदरावर फिश अँड चिप्स घेतले. हॅडॉक होता, त्याला ना हळद ना तिखट, आत्या पहिला घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली, म्हणाली, "मासा चांगलाय बिचारा." मग पिशवीतून लसणाच्या चटणीची डबी निघाली. तेवढ्यात एक सीगल आला आणि आतोबांच्या हातातला अर्धा मासा चटणीसकट घेऊन गेला. तो पुढे कुठे गेला ते धुक्यामुळे कळलं नाही, पण ओरडल्याचा आवाज ऐकला, आणि तो नेहमीचा नव्हता.

येताना परत पूल, परत काही नाही. पुलावरून उतरून घराकडे वळलो तर गल्लीत लख्ख ऊन, शेजारी उघड्या अंगाने गवत कापतोय.

रात्री फॅमिली ग्रुपवर आतोबांचा फोटो आला. पूर्ण पांढरा. खाली लिहिलेलं, 'फोर्थ ब्रिज, १८९०.' सतरा जणांनी अंगठा दिला, आणि सांगलीच्या मामी म्हणाल्या, किती स्वच्छ आहे हो तिकडे.