पक्ष कुणाचा ते मतदार बघून घेतील

धनुष्यबाण २०२३ मध्ये शिंदेंकडे गेला, वर्षभराने घड्याळ अजितदादांकडे. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर 'खरा पक्ष कुणाचा' हा वाद धुमसतो आहे. परवा आतेभावाने लिहिलं, "तुमच्या ब्रिटनमध्ये असलं काही होत नाही." होतं की! फक्त निवडणूक आयोगाच्या पायऱ्या कुणी झिजवत नाही.

एकोणिसाव्या शतकातला पंतप्रधान ग्लॅडस्टन, त्याचा लिबरल पक्ष घ्या. १९०६ मध्ये चारशेच्या आसपास जागा. म्हाताऱ्यांना पेन्शन, कामगारांना विमा, लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाच्या नकाराधिकाराला लगाम, सगळं याच सरकारांनी केलं. आपले दादाभाई १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून याच पक्षाचे खासदार झाले, अवघ्या पाच मतांनी. गोखल्यांची भिस्तही याच पक्षाच्या मोर्लेंवर. (टिळकांना १९०८ मध्ये मंडालेची शिक्षा झाली तेव्हा भारतमंत्री हेच मोर्ले. यांचा उदारमतवाद बहुधा सुएझपर्यंतच पोचत असावा.)

मग डिसेंबर १९१६. ऐन महायुद्धात लिबरल नेता लॉइड जॉर्ज काँझर्व्हेटिव्हांच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाला आणि त्याच्याच पक्षाचा आधीचा पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ पायउतार. पक्षयंत्रणा एकाकडे, खुर्ची दुसऱ्याकडे. १९१८ च्या निवडणुकीत सरकारच्या मर्जीतल्या उमेदवारांना शिफारसपत्रं वाटली गेली. अ‍ॅस्क्विथने त्यांना कुत्सितपणे 'कूपन' म्हटलं आणि स्वतःच पडला. १९२३ मध्ये दोघांचं मनोमीलन झालं, पण मानाचे किताब विकून उभा केलेला निधी लॉइड जॉर्जने काही हातचा सोडला नाही. आतेभावा, ओळखीचं वाटतंय ना? खरा लिबरल कोण, याचा निवाडा कुठल्याच न्यायालयाने दिला नाही. कामगारांनी मजूर पक्षाची वाट धरली. १९२४ मध्ये चाळीस जागा उरल्या, १९५१ मध्ये सहा.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहीत नाही, कारण मग माझाच मुद्दा लंगडा पडतो. १९८३ मध्ये लिबरल आणि त्यांच्या मित्रपक्षाला मिळून पंचवीस टक्के मतं पडली, जागा आल्या २३. मजूर पक्षाला जेमतेम दोन टक्के जास्त मतं, जागा २०९. म्हणजे मतदार निवाडा करतात, पण तराजू कुणाचा?

आजचे लिबरल डेमोक्रॅट हे त्यांचेच वारस. २०१० मध्ये सरकारात गेले, विद्यापीठाची फी वाढवणार नाही असं लिहून देऊन ती जवळपास तिप्पट होऊ दिली आणि ५७ वरून ८ वर आले. फुटायची गरजही पडली नाही. मी राहतो त्या लंडनच्या सर्बिटनमध्ये मात्र त्यांचंच राज्य. दारातून मतांचे बार चार्ट छापलेली प्रचारपत्रकं पडत राहतात, मीही त्यांनाच मत देतो. कचऱ्याच्या गाड्या वेळेवर येतात, आणखी काय हवं?

पण जुलै २०२४ मध्ये त्यांच्या ७२ जागा आल्या, ते मला सकाळी वॉटर्लूच्या गाडीत कळलं; रात्री मी खुशाल झोपलो होतो. नोव्हेंबरात महाराष्ट्राची मतमोजणी सुरू झाली तेव्हा इथे पहाटेचे अडीच वाजले होते. मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर. बायको जिन्यातून म्हणाली, "तुझं तिथे मत तरी आहे का रे?" नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतला तेव्हाच ते गेलं. तरी कुठली सेना कुठे पुढे, हे मी सकाळपर्यंत कागदावर मांडत होतो. आणि आतेभावाला तटस्थपणे लॉइड जॉर्ज ऐकवणाऱ्या मला त्यातली एक सेना जिंकायला हवी होती.