गं. भा. आणि दोन वर्षांचा मालक

भाचीच्या लग्नपत्रिकेचा मसुदा घरच्या ग्रुपवर पडला तेव्हा मी इकडे जर्मनीत एस-११ लोकलमध्ये होते, कोलोनच्या डेलब्र्युक स्टेशनच्या जरा पुढे. वाचत वाचत खाली आले. कै. बाबांची नात, अमक्यांची कन्या, सगळं रीतसर. आणि मग आईच्या नावाआधी ती दोन अक्षरं: गं. भा.

‘हे काढा,’ एवढंच लिहिलं मी.

आमच्या घरातल्या यच्चयावत पत्रिकांचे स्वयंघोषित संपादक म्हणजे थोरले चुलतभाऊ, आप्पा. त्यांचं उत्तर तयारच होतं. मानाचं आहे ते, गंगा-भागीरथीइतकी पवित्र असा अर्थ आहे, २०२३ साली खुद्द मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी हाच शब्द सुचवला होता. त्या सूचनेवर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आप्पा सोयीनं विसरले. भाऊ म्हणाला, ‘वाद नको. आईचं नावच गाळू, बाबांचं आहेच की.’ आप्पांच्या मानापेक्षा भावाच्या या शांततेनं माझं डोकं जास्त फिरलं. आणि हे कुठं, तर शिरोळ तालुक्यात! ज्या तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा ठराव करून बंद केली, आणि सरकारला त्यावरून राज्यभर परिपत्रक काढावं लागलं, त्याच तालुक्यात.

मग मी लांबलचक मेसेज लिहिला. परदेशात राहणारी माणसं लिहितात तसला. ‘आमच्याकडे इथे...’ अशी सुरुवात असलेला.

आमच्याकडे इथे म्हणजे कोलोनजवळच्या बेर्गिश ग्लाडबाखला. शहराच्या मधोमध एक मोठा गोल चौक आहे, त्याचं नाव श्नाबेल्समुले. तिथून मी रोज जाते आणि रोज कुणीतरी चुकीच्या लेनमध्ये असतं. हे नाव एका जुन्या कागद गिरणीचं. १८२९ मध्ये योहान विल्हेल्म त्सांडर्स नावाच्या माणसानं ती गिरणी घेतली. तेव्हा गाव नुसतं ‘ग्लाडबाख’ होतं, ‘बेर्गिश’ पुढे १८६३ मध्ये लागलं. गिरणी कशावर चालायची? स्ट्रुंडं नावाच्या ओढ्यावर. जेमतेम वीस किलोमीटर लांबीचा, आपल्याकडे त्याला कुणी नावही ठेवलं नसतं. पण पाट काढून, बंधारे घालून त्यावर एवढी चाकं फिरवली होती की त्याला जर्मनीतला सगळ्यात कष्टाळू ओढा म्हणतात. कागद लाकडाचा नव्हे, चिंध्यांचा. लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची केलर नावाच्या सॅक्सन विणकराची युक्ती अजून चौदा वर्षं लांब होती. जुने सदरे, चादरी, धडपे गोळा करायचे, बायकापोरांनी बसून निवडायचे, बटणं आणि शिवणी कापायच्या, मग कुटून लगदा करून जाळीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा.

आणि १८३१ मध्ये त्सांडर्स वारला. दोन वर्षांत संपला कारभार. कंपनीचा संस्थापक म्हणून पुढे जवळजवळ दोन शतकं ज्याचं नाव चाललं, त्यानं गिरणी चालवली ती एवढीच. मुलगा कार्ल रिशार्ड पाचेक वर्षांचा. गिरणी चालवली ती ज्युली त्सांडर्सनं, त्याच्या विधवेनं, मुलगा हाताशी येईपर्यंत. तो मुलगा कर्तबगार निघाला. १८६८ मध्ये त्यानं गोर्समुले ही आणखी एक गिरणी घेतली, तिच्या नावाचा लिहायचा कागद पुढे घराघरांत गेला. आणि १८७० मध्ये तोही गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. परत तेच. परत विधवा, मारिया, वय एकतीस, आणि दोन्ही वारस शाळेत जायच्या वयाचे. या मारियानं नुसता व्यवसायच राखला नाही. १८८५ मध्ये गावात गायकवृंद उभा केला, १८९४ मध्ये आल्टेनबेर्गच्या मोडकळीला आलेल्या कॅथेड्रलसाठी संस्था काढली. संगीतकार माक्स ब्रूख तिच्या घरचा पाहुणा. तिच्यासाठी बांधलेलं घर आज शहराचं कलासंग्रहालय आहे.

‘दोनदा बुडू शकली असती कंपनी,’ मी लिहिलं, ‘दोन्हीदा विधवेनं तारली. आणि तुम्ही आईचं नाव छापायला लाजता.’

आप्पांचं उत्तर दहा मिनिटांत. त्यांनी शोधून काढलं होतं. ‘ती मिल २०२१ मध्ये बंद पडली ना?’

पडली. एप्रिलअखेर. आधी अमेरिकन मालक आले, मग फिनिश, मग आणखी कुणी, मग दिवाळखोरी, एकदा सावरून परत दिवाळखोरी. १९२ वर्षं. माझ्या वरच्या मजल्यावरच्या आजी तिथं तावांच्या प्रतवारीला होत्या. हातानं ताव उलटायचा, डाग दिसला की बाजूला. त्या अजून ‘आमच्या त्सांडर्समध्ये’ असंच म्हणतात. पण आप्पांच्या या प्रश्नाचा विधवेच्या नावाशी काय संबंध? काहीच नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. ‘तुझं तिकडचं तिकडंच ठेव की,’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

खरं सांगायचं तर तिकडचंही मी सगळं लिहिलं नव्हतं. ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे आमच्या या भागात, त्या काळी फ्रेंच दिवाणी कायदा लागू होता, नेपोलियन गेला तरी तो १९०० पर्यंत राहिला. त्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे. विधवेला येत असे. म्हणजे ज्युलीला सही करायचा हक्क मिळाला तो नवरा गेला म्हणून. जुन्या जर्मन पेढ्यांच्या पाट्यांवर नवऱ्याच्या नावापुढे ‘विट्वे’, विधवा, असं छोट्या अक्षरांत लिहायची पद्धत होती. आमच्या गं. भा.चीच बहीण ती, फक्त शेपटाला जोडलेली. आणि फार लांब कशाला जा, पश्चिम जर्मनीत बायकोनं घराबाहेर नोकरी करावी ती संसाराची कर्तव्यं सांभाळून, असं कायद्यात १९७७ पर्यंत लिहिलेलं होतं. सरकारी कागदांतून ‘फ्रॉयलाइन’, म्हणजे कुमारी, गेलं ते १९७२ मध्ये. यातलं एक अक्षर मी ग्रुपवर टाकलं नाही. आप्पांना हत्यार कशाला द्या?

आई इथं एकदाच आली, मिल अजून चालू होती तेव्हा. पाहुण्यांना आम्ही आल्टे डोमबाखला नेतो, जुन्या गिरणीचं संग्रहालय आहे. पाण्याचं चाक बघून झालं, १८८९ चं कागदयंत्र बघून झालं. चाळीस मीटर लांबीचं ते धूड बघून माझी पोरं ओरडली. आई मात्र हातकागदाच्या टेबलापाशी थांबली. एक ताव उचलला, उजेडात धरला, अंगठ्यानं कोपरा चुरडून आवाज ऐकला. मग मी तिला ज्युलीची गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. तिनं एकच विचारलं.

‘देणी किती ठेवली होती त्यानं?’

बाबांनी ठेवलेली देणी मला अजून पाठ आहेत. जयसिंगपुरात आमचा छापखाना होता, बाबांच्या नावाचा. दोन ट्रेडल छपाईयंत्रं, एक कटिंग मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केशी. कागदवाल्याचे अकरा हजार, शाईवाल्याचे दोन, मशीनचे हप्ते. बाबा १९८९ मध्ये गेले, मी आठवीत होते. तेराव्यानंतरच्या सोमवारी आई जाऊन कंपोझिटरशेजारी बसली. मे महिन्याची लग्नसराई तोंडावर होती. ज्या बाईचं कुंकू नुकतं पुसलं होतं, ती दिवसभर लोकांच्या पत्रिकांसाठी ‘सौ.’ जुळवत बसायची. ‘सौ’चे खिळे कमी पडले की दुसऱ्या छापखान्यातून उसने आणायला मला पिटाळायची.

पण हे सगळं सांगून मी स्वतःला चांगलं दाखवतेय. पत्रिकांचा गठ्ठा घ्यायला गिऱ्हाईक यायचं तेव्हा वरच्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून तो द्यायचा, अशी आमच्या छापखान्याची रीत होती. बाबा असताना ते आई लावायची. नंतर ती मला हाक मारायची. मी शाळेतून आलेली असायचे, हात धुवायचे, बोट बुडवायचे, लावायचे. आई दोन पावलं मागं सरकायची. कुणी तिला सरक म्हणालं नव्हतं. मला त्यात काही खटकलं नाही. उलट ऐट वाटायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची, एखादी बाई पेढा हातावर ठेवायची. चार वर्षं मी हे केलं. मग इंजिनिअरिंगला सांगलीला गेले, मग पुणे, मग इकडे. मी गेल्यावर कोपऱ्यांना कुंकू कोण लावत होतं, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

आणि मी आप्पांना त्सांडर्सबाईंच्या गोष्टी सांगत होते, आठशे शब्दांच्या, फोटोंसकट.

त्या रात्री आईचा आवाजी मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. मागे मिक्सर चालू होता. ‘गं. भा. लावा, श्रीमती लावा, नाहीतर काही लावू नका. वरचं तुम्ही भांडून घ्या. मी आप्पाला सांगितलंय, पत्रिकेच्या पार तळाला, बारीक टायपात, आपल्या छापखान्याचं नाव घालायचं. आणि कागद तीनशे जीएसएमच्या वर घेऊ नका, दुमडला की फुटतो.’

छापखाना २००८ मध्ये बंद झाला. ही पत्रिका सांगलीला ऑफसेटवर छापली जाणार आहे. आप्पा म्हणतात, दुसऱ्याच्या छपाईवर आपलं नाव घालणं म्हणजे खोटं आहे, सांगलीवाला ऐकणार नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आप्पांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तरी मी रोज दुपारी, तिकडे साडेसात वाजले की, सांगलीच्या त्या माणसाला फोन लावतेय. तिला तळाला जे नाव हवंय ते बाबांचं आहे, तिचं नाही. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. ‘मग काय झालं?’ म्हणाली.

सांगलीवाला म्हणतो, ताई, सहा पॉइंटात बसवतो, पण प्रूफ तुम्ही स्वतः बघा.