गुहा तीच, धोंडा नवा

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या लाडक्या गेमचा पुढचा भाग येतोय असं कानावर आलं. म्हणजे तुम्ही निराश होणार हे नक्की. प्रश्न एवढाच, की नीट होणार की कसंबसं. हल्लीची पोरं बघतो, अजिबात तयारी करत नाहीत. पाच वर्षांनी सेल लागला की गेम पाव किमतीत उचलतात, चार रविवार खेळतात, 'बरा होता' म्हणतात आणि गाढ झोपतात. ह्याला काय निराशा म्हणायचं? निराशेला आधी अपेक्षा लागते, आणि अपेक्षा साबुदाण्यासारखी आदल्या रात्री भिजत घालावी लागते.

म्हणून आधी पैसे भरून टाका. गेम अजून कुणी पाहिलेला नसताना भरा. प्री-ऑर्डर ह्या प्रकारात मुंबईकराला कोण काय शिकवणार म्हणा! पायाचा खड्डा खणायच्या आधी सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करणारी माणसं आपण. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, हे ठाऊक असूनही 'किती ऐसपैस वाटतं, नाही?' असं बायकोला म्हणणारी. ट्रेलर म्हणजे तोच सॅम्पल फ्लॅट. ड्रॅगन झेपावतोय, किल्ला जळतोय, मागे वीसेक बायका कुठल्याशा मेलेल्या भाषेत टिपेला पोचल्यात. खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की ही दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत. ते वाचू नका. आगाऊ पैसे भरल्याबद्दल तुम्हाला एक सोनेरी चिलखत फुकट मिळेल. पहिल्या तासाभरात त्याहून बरं चिलखत एखाद्या मेलेल्या दरोडेखोराच्या अंगावर सापडेल. तिथून सुरुवात झाली म्हणून समजा.

मधल्या काळात पहिला भाग चुकूनही पुन्हा खेळू नका. नुसता आठवा. आमचा पहिला भाग म्हणजे 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स', नोव्हेंबर २००९. त्यात शिरायलाच सहा दारं होती. माणसांतला उमराव व्हा, जादूगार व्हा, जंगलातला लांबकान्या एल्फ व्हा, शहरातला एल्फ व्हा, बुटक्या ड्वार्फांचा राजपुत्र व्हा, नाहीतर त्यांच्याच गल्लीतला उनाड व्हा. ज्या दाराने आत जाल तशी गोष्ट सुरू व्हायची. गिरगावात मन्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि आम्ही चौघं. मन्या कायम राजपुत्र. मी शहरातला एल्फ, कारण ती जमात भिंतीआडच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहते आणि तिथे मला वेगळं काही शिकावं लागलं नाही. हे सगळं आठवायचं. आठवायचं नाही ते असं, की त्याच गेममध्ये 'फेड' नावाचा स्वप्नातला एक टप्पा आहे, जो इतका लांबतो की चाहत्यांनीच तो उडवून लावणारा मॉड, म्हणजे गेमला लावायचं घरगुती ठिगळ, बनवला. आठवणीत फेड नसतं. आठवणीतला गेम नेहमी सेकंदाला साठ फ्रेमने, न अडखळता चालतो आणि काकू अधूनमधून चहा आणून देतात.

आता थेट दुसरा भाग. मार्च २०११. पहिल्यानंतर अवघ्या १६ महिन्यांत. एवढ्या वेळात आमच्या गल्लीतलं गटार उघडून पुन्हा झाकलं जात नाही, ह्यांनी आख्खा गेम काढला. तुम्हाला इथे शंका यायला हवी होती. आम्हाला नाही आली. उलट 'बघ, किती फास्ट!' म्हणालो.

सगळं गिरगाव तेव्हा वर्ल्डकपच्या अंगात आल्यासारखं झालं होतं. फायनल आपल्या वानखेडेवर होणार होती. १३ मार्चच्या रविवारी तिथे कॅनडा आणि न्यूझीलंडची मॅच होती. मन्याच्या मावसभावाकडे तिकीट होतं आणि तो आम्हाला बोलवायला आला होता. आम्ही गेलो नाही. आम्ही दारं लावून कॅनडातच तयार झालेला गेम खेळत बसलो होतो. मन्याने डिस्क लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, ग्रँट रोडपासून छातीशी धरून, नारळ आणावा तशी. तासाभरात आम्ही एका गुहेत शिरलो. मग दुसऱ्या गुहेत. मग तिसऱ्या. एक टोळी कापून काढावी तोवर दुसरी वरून टपकायची, दादरला एक गाडी रिकामी झाली की जिन्यावरून पुढचा लोंढा उतरतो तशी. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघत थांबल्या.

"अरे, हे मघाशीच झालं ना? आज रिपीट दाखवतायत का?"

"आई, ही वेगळी गुहा आहे."

"वेगळी कशी? तो डावीकडचा खांब बघ. तोच आहे. नुसता धोंडा तेवढा तिकडचा इकडे आणून ठेवलाय."

कुणी काही बोललं नाही. पोह्यांवरचं खोबरं तसंच राहिलं. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात धोंड्यामागची वाटही तशीच दिसत होती, तीही बुजवायला कुणाला वेळ झाला नव्हता. संध्याकाळी मावसभाऊ परत आला. कॅनडा ९७ धावांनी हरला होता. मन्या म्हणाला, "इथेही."

अशा वेळी मालिका बघणारं एखादं वडीलधारं माणूस जवळ असू द्या. आपल्याला जे तीस तासांनी पटतं ते त्यांना दारातून दिसतं.

पुढे कंपनीची भाषा शिकून घ्या, म्हणजे घाव बरोबर ठिकाणी बसतो. ज्यांची चाळ पुनर्विकासाला गेली आहे त्यांना ही भाषा येतेच. आमच्या चाळीची सभा झाली तेव्हा बिल्डरच्या माणसाने सामायिक गॅलरी जाणार ह्याला 'प्रायव्हसी' म्हटलं होतं. तसंच हे. सहा दारांच्या जागी एकच दार, हॉक नावाचा माणूस, हा सुटसुटीतपणा. सोबत्यांचं चिलखत बदलायचं नाही, त्यांचं व्यक्तिमत्त्व जपायचंय. वरून सगळं रणांगण दाखवणारा कॅमेरा काढला, तुम्हाला लढाईच्या आत आणायचंय. आणि पूर्वी सहा-सात वाक्यं वाचून उत्तर निवडावं लागायचं, त्याऐवजी आता एक चक्र. चक्रावर चित्रं: ऑलिव्हची डहाळी, हसरा मुखवटा, आवळलेली मूठ. म्हणजे नम्रपणे हो, हसत हो, डाफरून हो. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव असेच तर पास होतात.

निराशा साठली की तिचा निषेध करायचा असतो, आणि निषेध खाद्य असावा. ह्याचं घराणं २०१२ सालचं आहे. 'ड्रॅगन एज' काढणाऱ्या बायोवेअर कंपनीच्याच 'मास इफेक्ट ३' ह्या गेमचा शेवट लोकांना भलताच खटकला. एवढ्या निवडी करून शेवटी काय, तर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे स्फोट, बाकी जवळपास सारखंच. चाहत्यांनी वर्गणी काढली आणि कंपनीच्या कॅनडातल्या एडमंटनच्या कचेरीत चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वर तीन रंगांचं क्रीम, आत सगळे एकाच चवीचे. कंपनीने ते दान करून टाकले आणि त्या उन्हाळ्यात शेवट थोडा वाढवून फुकट दिला. तुम्हाला हे मुंबईत करायचं तर वडापाव घ्या. लाल चटणी, हिरवी चटणी, चिंचेची चटणी, आत तोच बटाटा. फक्त आमच्या अनुभवावरून सांगतो, निषेधाचे वडापाव संध्याकाळी सहाच्या सुमारास आणू नका. कुठेही पोचत नाहीत.

एवढ्यावर तुम्ही शहाणे झाला असाल असं वाटेल, म्हणून २०२४ कडे वळू. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' आला ३१ ऑक्टोबरला, नेमक्या नरकचतुर्दशीला. तोवर मी चाळिशीला टेकलेला गृहस्थ. १०० जीबी जागा मागत होता. मुलीच्या बारशाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवला, पेनड्राइव्ह कुठे ठेवला ते विचारू नका. पहाटे उटणं लावून आंघोळ, दारात कारिटं फोडलं, आणि रात्री फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसलो. इथे एक तांत्रिक सूचना. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करायचा तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत करावा लागतो आणि तो दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. आणि आपलं पात्र घडवायला जी साधनं देतात त्यात नाकाचंच एवढं आहे, की शेंडा, पूल, नाकपुड्यांची रुंदी करताकरता चकल्यांचा डबा संपतो. बायको मागे येऊन उभी राहिली.

"हा तुझ्या डोंबिवलीच्या काकांसारखा दिसतोय."

"हा एल्फ आहे."

"कान तेवढे लांब आहेत, बाकी काकाच."

पुन्हा नाकापासून सुरुवात केली. पैसे परत मिळायची मुदत मी अशी नाकातच घालवली. तुम्हीही घालवा. परतीची वाट उघडी असताना निराशा मनापासून होत नाही.

मग अर्थात पुढचं आलंच. आम्ही २००९ पासून घेतलेले निर्णय, कुणाला गादीवर बसवलं, कुणाला फासावर दिलं, हे सगळं नोंदवून ठेवायला तिसऱ्या भागाच्या वेळी एक खास वेबसाइटसुद्धा होती, शेकडो प्रश्नांची. नव्या गेमने विचारले तीन. आमच्या पंधरा वर्षांच्या सात-बाऱ्यावर तीन नोंदी उरल्या, आणि त्यातली एक प्रेमप्रकरणाची. सोबत नेता येणारे गडीही तीनवरून दोन, आणि त्यांचा ताबा आपल्या हातात नाही. आपण सुचवायचं, ते ऐकतात. घरी माझी हीच परिस्थिती असल्याने ह्या मुद्द्यावर मी फार बोललो नाही.

पण खरी गंमत जानेवारी २०२५ मध्ये झाली. प्रकाशक कंपनी ईएने जाहीर केलं, की गेमपर्यंत सुमारे १५ लाख खेळाडू आले, अपेक्षेपेक्षा जवळजवळ ५० टक्के कमी. मी ती बातमी दोनदा वाचली. म्हणजे कंपनीही निराश झाली होती! तिनेही ट्रेलर बघितला होता, तिनेही आगाऊ पैसे ओतले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्याविषयी आपुलकी वाटली. वडापाव पाठवावेसे वाटले, साधे, निषेध नसलेले.

तुम्हाला घरचे विचारतील, 'मग घेतोस कशाला?' ह्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. उत्तर शोधायलाही जाऊ नका. जुन्या ग्रुपवर जा. तिथे एव्हाना कुणीतरी लिहिलेलं असेल, 'दोन नंबर खरं तर चांगला होता रे.' हे दर नव्या भागाला होतं. नवा आला की आधीचा पडेल भाग आपोआप अभिजात होतो. तुम्ही होकाराचा अंगठा द्या आणि थांबा. खरंच चांगला होता का, हे बघायला जाऊ नका. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे आणि तो मी पाळला नाही.

गेल्या पावसाळ्यात मन्याकडे गेलो होतो. चाळ पाडली आहे, त्यामुळे तो आणि काकू सध्या गोरेगावला भाड्याने राहतात. लोकल बंद पडल्या, परतायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दोन नंबर लावला. २०११ साली आम्ही गुहा मोजत होतो, त्यामुळे गोष्टीकडे बघायचं राहूनच गेलं होतं. गोष्ट अशी, की हॉकचं कुटुंब गाव उद्ध्वस्त झालं म्हणून बोटीने कर्कवॉल नावाच्या शहरात येतं. आईचं माहेर तिथलं, मोठा वाडा. तर मामाने वाडा देण्याघेण्यात घालवलेला. मग सगळे मामाच्या खालच्या वस्तीतल्या खोलीत. हॉक वर्षभर कुणाकुणाची कामं करून शहरात शिरायची किंमत फेडतो, पुढे धाडस करून पैसा कमावतो आणि वरच्या वस्तीतला तो वाडा आईला परत मिळवून देतो. तलवारी सोडा, हे आमच्या मजल्यावर निदान तीन बिऱ्हाडांत घडलंय. मन्याच्या वडिलांच्या बाबतीत तर बोटीसकट.

मन्या काही बोलला नाही. हॉकला मामाच्या खोलीत उभा करून त्याने कंट्रोलर खाली ठेवला. काकू आतून आल्या, चष्मा वर सरकवून पडद्याकडे बघू लागल्या. मला वाटलं, आता धोंड्याचं काढणार.

"चौघं जण आहेत ना रे हे?" त्या म्हणाल्या. "मग झोपतात कुठे?"