करंगळीवरचे आजोबा

इंग्लंडमध्ये रेडिंगला येऊन मला अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझी नऊ वर्षांची लेक शाळेतून एक कागद घेऊन आली. त्यावर तिनं स्वतःचा पंजा गिरवला होता आणि प्रत्येक बोटावर एकेक नाव लिहिलं होतं. मनाला काही लागलं तर कुणाला सांगायचं, ती पाच माणसं. अंगठ्यावर मी, मग तिचे बाबा, वर्गशिक्षिका, मैत्रिणीची आई आणि करंगळीवर ‘नागपूरचे आजोबा’.

नागपूरला माझ्या बाबांना तो कागद व्हिडिओ कॉलवर दाखवला. ते म्हणाले, “हे काय शिकवून राहिले शाळेत? नसलेलं खूळ कशाला घालायचं पोरीच्या डोक्यात?”

नागपूरच्या आमच्या शाळकरी मैत्रिणींच्या ग्रुपवरही हाच सूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी निर्देश दिले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा-कॉलेजांत, शिकवणी वर्गांतही, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर ठळक लिहिलेला हवा. त्यावर कुणी खर्चाचं बोलतं, कुणी म्हणतं, आपल्या वेळी कुठं होतं हे सगळं?

आपल्या वेळी काय होतं ते मला पक्कं आठवतं. बारावीला शिकवणीत माझ्या बाकावर यवतमाळकडची एक मुलगी बसायची. एके दिवशी तिची वही पाहिली, तर पानभर एकच सूत्र, पुन्हा पुन्हा, शेवटी अक्षर एकात एक गेलेलं. धीर करून ती सरांना म्हणाली, “सर, रात्री झोपच येत नाही.” सर म्हणाले, “छान! अभ्यासाला तेवढाच वेळ मिळतो.” वर्ग हसला. मीही हसले. दिवाळीनंतर ती परत आली नाही, आणि तिच्या घरी एक पत्र टाकावं एवढंही मला सुचलं नाही.

आम्हाला एकच शब्द ठाऊक होता, पागलखाना. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं, पण त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. चौकसुद्धा पागलखाना चौक. झोप न येणं आणि तो चौक यांच्या मधे मदतीची कितीतरी ठिकाणं असतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

इंग्लंडच्या सरकारी शाळांत सप्टेंबर २०२० पासून आरोग्यशिक्षण सक्तीचं झालं आणि त्यात मनाचं आरोग्यही आलं. म्हणून इथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलीनं शाळेत शिकवलं तसं सांगितलं, धीरानं सांगितलं, आणि पुढं तज्ज्ञाच्या भेटीसाठी पाच महिने थांबली. बोलायला शिकवायचं आणि मग रांगेत उभं करायचं, ही क्रूरताच आहे.

नागपुरात मला नेमकी उलटी भीती वाटते. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पण भिंतीवरचा नंबर पाहून गोंदियाहून आलेला सतरा वर्षांचा पोरगा तो फिरवेल कसा? फोन कोण उचलतं, काय विचारतं, पहिलं वाक्य काय बोलायचं, याचा सराव वर्गातच व्हायला हवा. तोही ‘नैराश्य’ आणि ‘चिंताविकार’ फळ्यावर लिहून नको. मन लागत नाही, जीव घाबरा होतो, कशातच रस वाटत नाही: पोरं असंच बोलतात, तिथूनच सुरुवात करा. आणि हा धडा आधी शिक्षकांना, घरमालकांना, मेसवाल्या काकूंना द्या. ती वही मी पाहिली होती. सरांनी ते वाक्य ऐकलं होतं. पुढं काय करायचं, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

बाबांच्या वरच्या मजल्यावर शिकवणीची चार मुलं भाड्यानं राहतात. परवा त्यांचा आपणहून फोन आला. आधी नातीची चौकशी झाली. मग जरा थांबून म्हणाले, “वरचा भंडाऱ्याचा पोरगा आठवडा झाला, डबा भरलेलाच परत पाठवून राहिला. त्याला काय विचारू मी?”

मी म्हटलं, “आत्ता वर जा बाबा. जेवला का, झोपला का, एवढंच विचारा. अभ्यासाचं काढू नका.”

फोन चालूच होता. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला.