पेनल्टी कोण मारणार हे आधी ठरवा की राव!

सकाळी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी पेनल्टीवरनं एकाच टीमच्या नेमार-कवानीत जुंपलेली ती जुनी फुटबॉलची क्लिप टाकली. वर लिहिलंय, 'ॲटिट्यूड असावा तर असा!' आणि खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

सप्टेंबर २०१७. पॅरिसचा क्लब पीएसजी विरुद्ध लिऑन. बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजून आणलेला नेमार पॅरिसमध्ये नवा कोरा. आधीचा स्टार इब्राहिमोविच गेल्यापासून टीमची पेनल्टी कवानी मारायचा. आधी एका फ्री किकला त्यांच्याच टीमच्या दानी आल्वेसनं बॉल कवानीला हात लावू न देता नेमारकडं सोपवला. मग पेनल्टी मिळाली, तर हा परत कवानीच्या कानाशी! कवानी हटला नाही, आणि त्यानं मारलेली लिऑनचा गोलकीपर लोपेसनं बारवर घालवली. हो, चुकली, मान्य. म्हणून नेमार बरोबर होता काय?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी हेच डोळ्यांनी बघितलंय. आमच्या मंडळाची पेनल्टी आमचा लेफ्ट बॅक मारायचा. गल्लीतला पोरगा, फाउंड्रीत शिफ्ट करून प्रॅक्टिसला यायचा. त्या सीझनला मानधन देऊन बाहेरनं एक फॉरवर्ड आणलेला. सेमीफायनलला पेनल्टी मिळाली आणि त्यानं सरळ लेफ्ट बॅकच्या हातातला बॉल ओढला. दोघांची झोंबाझोंबी, समोरची टीम हसतेय, आणि आमचे कोच बाटलीतलं पाणी पीत दुसरीकडं बघतायत.

गोल झाला. आम्ही जिंकलो. पेठेत गुलाल उडाला. लेफ्ट बॅक मात्र त्यानंतर प्रॅक्टिसला आलाच नाही.

आता म्हणाल, स्टार खेळाडूला भूक असतेच. असते बाबा. लिहिता लिहिता माझाही नेमारवरचा राग जरा उतरलाय. पंचवीस वर्षांचं पोरगं, मेस्सीच्या सावलीतनं बाहेर पडायला आलेलं, अख्खं शहर त्याच्या नावाचे टीशर्ट घालून फिरतंय. त्याला बॉल हवासा वाटणारच. आमच्या त्या फॉरवर्डलाही पैसे वसूल करून दाखवायचे होते.

पण कोच? पीएसजीचे तेव्हाचे कोच उनाई एमरी मॅचनंतर काय म्हणाले, तर दोघांनी आपापसात मिटवावं, नाही मिटलं तर मी ठरवेन. अहो, मग तुम्ही तिथं कशाला? दोन पोरांत एक पतंग दिला की फाटणारच, हे आमच्या आज्जीलाही कळायचं. कागदावर एक नाव लिहून ड्रेसिंग रूममध्ये चिकटवायला कितीसा वेळ लागतो? पण २२ कोटीवाल्याला नाही म्हणायचं म्हणजे वर मालकांना तोंड द्यावं लागतं. तिथंच सगळ्यांची पाचावर धारण. आमचे कोचही मंडळाच्या पैसेवाल्यांकडं बघूनच पाणी पीत होते, हे सगळ्या गॅलरीला दिसत होतं.

पुढं जानेवारी २०१८ मध्ये दिजॉनला ८-० धुतलं. कवानी १५६ गोलांवर, इब्राहिमोविचच्या क्लब रेकॉर्डशी बरोबरीत. शेवटाकडं पेनल्टी मिळाली, स्टेडियम कवानीच्या नावानं ओरडतंय, आणि मारली कुणी? तीन गोल आधीच खिशात असलेल्या नेमारनं! स्वतःच्याच प्रेक्षकांनी शिट्ट्या घातल्या. चार गोल करून माणूस शिट्ट्या खात आत गेला. तोवर पेनल्टी नेमारकडंच सोपवली होती म्हणे. असेल. सात-शून्य असताना एक बॉल सोडला असता तर काय बिघडलं असतं?

मेस्सीनं २०१६ मध्ये बार्सिलोनाकडनं सेल्टाविरुद्ध लीगमधला स्वतःचा ३००वा गोल समोर असताना पेनल्टीचा बॉल गोलवर न मारता बाजूला सरकवला आणि टीममेट सुआरेझनं गोल केला. तेव्हा हाच नेमार त्याच टीममध्ये होता की!

कवानीनं दहा दिवसांत मॉन्टपेलिएविरुद्ध गोल मारून रेकॉर्ड मोडलाच. त्याला पुढची मॅच होती. आमचा लेफ्ट बॅक आता रविवारी गल्लीतल्या बारक्या पोरांना किक मारायला शिकवतो. मंडळात परत ये म्हणून त्याच्या दारात अजून एकही पदाधिकारी गेलेला नाही. वाचताय ना, साहेब?