एका फेरीत सोळा पानं

गेल्या महिन्यात आमचे सर्व्हर इंटेलच्या प्रोसेसरवरून आर्मच्या प्रोसेसरवर न्यायचं ठरलं. भाडं कमी पडतं म्हणे. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "तुझा कोड नुसता पुन्हा कंपाइल करायचा ना?" कंपाइल म्हणजे कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणं. मी मान डोलावली. जुनं कपाट नव्या घरी नेताना माणूस अशीच मान डोलावतो; दाराची रुंदी कोणी मोजलेली नसते.

हा माझा लाडका कोड व्हेक्टर सूचनांवर चालतो, म्हणजे प्रोसेसरला एकदाच सांगायचं आणि त्याने अनेक बाइटांवर एकदम काम करायचं. साधा लूप म्हणजे एकेका पानावर रेंगाळत मीठ वाढणारा पुतण्या. व्हेक्टर म्हणजे मुरलेला वाढपी: १२८ बिट, म्हणजे १६ बाइट, म्हणजे एका फेरीत सोळा पानं.

पण दोन्ही घरचे वाढपी वेगळे. इंटेलकडे 'मूव्हमास्क' नावाची सूचना आहे: भात हवा त्यांनी हात वर करा, एका नजरेत सोळा जणांचा हिशेब. आर्मच्या निऑनमध्ये, म्हणजे तिथल्या व्हेक्टर सूचनांच्या संचात, ही सूचनाच नाही. तिथे प्रत्येकाचं उत्तर चार बिटांत दाबून ६४ बिटांचा आकडा करायचा, आणि जागा शोधताना चाराने भागायचं. युक्ती इतकी देखणी आहे की राग निम्मा उतरतो. निम्माच.

खरा मार शफलने दिला, म्हणजे क्रमांक बघून तक्त्यातून उचलणाऱ्या सूचनेने. बाइट हेक्समध्ये छापायचे होते, म्हणजे दर बाइटची दोन अक्षरं: एक वरच्या चार बिटांचं, दुसरं खालच्या चारांचं. दुसऱ्यासाठी सोळा अक्षरांचा तक्ता, बाइटचे खालचे चार बिट हा क्रमांक, त्या क्रमांकाचं अक्षर उचलायचं. त्याआधी वरचे चार बिट पुसायचे असतात. मी पुसले नव्हते. एक सूचना वाचवली म्हणून तेव्हा चहासुद्धा पाजला होता सगळ्यांना! इंटेलचं शफल सर्वात वरचा बिट तेवढा बघतं. तो एक असला की हाती शून्य; तो शून्य असला की मधल्या तिघांकडे काणाडोळा. आर्मचं टीबीएल, म्हणजे तिथलं शफल, मात्र खिडकीतल्या कडक कारकुनासारखं. क्रमांक पंधराच्या पुढे? शून्य घ्या, बाजूला व्हा.

त्यामुळे आर्मवर दर दुसरं अक्षर गायब. ओळ संपल्याची खूण तेवढी नीट आली, कारण तिचा क्रमांक दहा. दोन दिवस मी आर्मच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी टीममधली नवी मुलगी म्हणाली, "दादा, टेस्टमध्ये सगळी नावं इंग्रजीच का?" आणि तिने जुन्या इंटेलवर 'सदाशिव' टाकलं.

तिथेही दर दुसरं अक्षर गायब! यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा सर्वात वरचा बिट १ असतो, इंग्रजीचा ०. म्हणजे दोन वर्षं माझा कोड इंग्रजी चोख वाढत होता आणि मराठीला अर्धपोटी उठवत होता. लिहिणारा कोण, तर मी. आर्मने निदान पंक्तिप्रपंच केला नाही, सगळ्यांनाच सारखं उपाशी ठेवलं.

पुसायची ती एक सूचना घातली. वेगात फरक शोधूनही सापडला नाही.

संध्याकाळी मॅनेजर खुशीत आले. "उद्या रिस्क-फाइव्ह घेतलं, तर नुसतं कंपाइलच ना?" ही प्रोसेसरची तिसरी जात. तिकडे पंगत किती पानांची, हे वाढायला उभं राहिल्यावरच विचारावं लागतं.

"आधी दार मोजून येतो," मी म्हणालो.